केसकरांच्या हातचा बिल्ला

गेल्या महिन्यात माझ्या मुलीने जेवणाच्या टेबलावर रंगीत कागदांचा एक गठ्ठा आणून ठेवला. ती खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि नुकतीच अकरा माणसांची टीम तिच्याकडे आली आहे. म्हणून कंपनीने तिला दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं होतं. विषय, देहबोली.

"बाबा, तुम्ही पण एवढी वर्षं माणसं हँडल केलीत ना? वाचा, इंटरेस्टिंग आहे."

मी कागद चाळले. हाताची घडी घातलेला माणूस, त्याच्याखाली 'विरोध'. नजर चुकवणारा माणूस, त्याच्याखाली 'लपवाछपवी'. प्रत्येक चित्राशेजारी खूण करायला एक चौकोन. ते चौकोन पाहिले आणि माझा घास तोंडातच राहिला.

"काय झालं?"

"काही नाही. ठसका लागला."

तिने पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं. दोन दिवसांचं शिबिर करून आलेल्या पोरीला शेजारी बसलेल्या बापाचं खोटं कळलं नाही, याचं मला त्या क्षणी बरंच वाटलं. केसकर असते तर त्यांनी पाणी दिलं नसतं. ते थांबले असते.

भालचंद्र केसकर आमच्या प्रेस शॉपचे फोरमन होते. कारखाना सोलापूर रस्त्यावर, हडपसरच्या पुढे. ऐंशीच्या दशकात मी डिप्लोमा करून तिथे त्यांचा असिस्टंट म्हणून लागलो. प्रेस म्हणजे लोखंडी पत्रा कापायचं, वाकवायचं यंत्र. कामगार हाताने पत्रा आत सरकवतो, हात मागे घेतो आणि पायाने पेडल दाबतो. वरून काही टनांचा ठोका बसतो. दिवसातून दोन-तीन हजार वेळा. हात मागे यायच्या आधी पाय खाली गेला तर बोटं जातात. पुढे कुठलं कुठलं संरक्षण आलं, पण तेव्हा आमच्या अठरा प्रेसवर संरक्षण एकच होतं, केसकर.

बारीक अंगाचा माणूस. खाकी शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, शुक्रवार पेठेतून सायकलवर येणं-जाणं. बोलणं पुणेरी, म्हणजे समोरच्याला पूर्ण वाक्य मिळालं तर त्याने स्वतःला भाग्यवान समजावं. डावा कान प्रेसच्या आवाजाने निकामी झालेला, उजवा त्याच वाटेवर. मी एकदा विचारलं, की साहेब, तुम्हाला माणसाचं न सांगता कसं कळतं? म्हणाले, "इथे तीस वर्षं काही ऐकू येत नाही. मग बघायचं नाही तर काय करायचं?"

आमच्याकडे प्रत्येक प्रेसचा एक पितळी बिल्ला असे, त्यावर नंबर ठोकलेला. बिल्ला मशीनवर लटकवल्याशिवाय मशीन सुरू करायची नाही, असा नियम. बाकीच्या शिफ्टला बिल्ले फळीवर टांगलेले असत, ज्याने त्याने आपला घ्यावा. केसकर मात्र सकाळी सातला शॉपच्या दारात उभे राहून स्वतःच्या हाताने बिल्ला देत. रांग लागे. प्रत्येकाला नाव घेऊन हाक, अहो-जाहो, मग बिल्ला. तेवढ्या दोन सेकंदांत ते माणूस वाचत. बहुतेकांना बिल्ला मिळे. रोज एखाददुसऱ्याला मिळत नसे. त्याला ते म्हणत, "आज मशीन नको. टेबलावर बसा."

टेबल म्हणजे खिडकीशी एक लांबलचक लाकडी टेबल होतं. कापलेल्या तुकड्यांच्या कडा कानशीने घासायचं तिथलं काम. बसून करायचं, बिनधोक आणि कमालीचं कंटाळवाणं. कामगार त्याला 'पेन्शन' म्हणत. टेबलावर बसवलेल्याची दिवसभर टिंगल चाले, "काय पाटील, आज पेन्शनीत का?" लोकांना ते अपमानाचं वाटे. केसकरांना त्याचं काही नव्हतं. "अपमान संध्याकाळपर्यंत उतरतो," ते म्हणत. पुढचं ते बोलत नसत. स्वतःची दहा बोटं फक्त एकदा उलटसुलट करून बघत.

मला त्यांनी पहिल्याच दिवशी पकडलं होतं. मी सांगितलेली सगळी कामं धावत करत होतो. अकराच्या सुमाराला ते म्हणाले, "नवे बूट चावतायत. बसून करण्यासारखंही काम असतं कारखान्यात." मी म्हटलं, छे छे, काही नाही साहेब. ते म्हणाले, "बरं," आणि मला स्टोअरमधून सहा चकरा मारायला लावल्या. सातवीला मी बसलो.

लोणी काळभोरचा एक नाना होता. धिप्पाड, कुस्त्या केलेला. त्याला केसकरांनी लागोपाठ चार दिवस टेबलावर बसवलं. पाचव्या दिवशी नाना दारातच भडकला. "साहेब, मला काय झालंय ते चारचौघांत सांगा! धडधाकट हाय मी. बैल उचलून टाकीन." केसकरांनी बिल्ला दिला नाही आणि चारचौघांत काही सांगितलंही नाही. दुपारच्या सुट्टीत त्याला बाजूला घेतलं. मी जवळच होतो म्हणून ऐकलं. "नाना, बिल्ला घेताना तुम्ही मान उजवीकडे वळवता. महिनाभर बघतोय. उजव्या डोळ्याने काय दिसतं?" नानाने उजवा डोळा चोळला. मग म्हणाला, "उजेड दिसतो साहेब." डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि तीन महिन्यांनी नाना परत प्रेसवर आला. त्याला मधले तीन महिने टेबल कशामुळे मिळालं, हे शॉपमध्ये शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

एकदा संपाची हवा तापली होती. वाटाघाटींच्या खोलीत युनियनचे पुढारी टेबलावर मुठी आपटत होते, उद्यापासून काम बंद म्हणून गरजत होते. मॅनेजर लोक घामाघूम. केसकर कोपऱ्यात बसून सगळ्यांच्या पायांकडे बघत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "उद्याची शिफ्ट लावा. चपला काढून बसले होते सगळे. उठून जायचं असतं तर पाय चपलेत असते." दुसऱ्या दिवशी शिफ्ट लागली.

त्यांचं चुकत नसे असं नाही. मांजरी गावच्या एकाला त्यांनी हात थरथरतो म्हणून टेबलावर बसवलं, तर त्याला पहाटे मुलगी झालेली. सगळे हसले. केसकरही हसले, त्याच्याकडून बर्फी घेतली, पण बिल्ला खिशातच ठेवला. "आनंदाने थरथरला काय आणि तापाने थरथरला काय, प्रेसला कुठे कळतंय?"

हे सगळं बघून मी भारावलो होतो. नुसता भारावून थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

आमच्याकडे नवे वर्क्स मॅनेजर आले. हुशार माणूस, वाईट मुळीच नव्हता. एका माणसाच्या नजरेवर शॉप चालतं हे त्यांना धोक्याचं वाटलं, आणि त्यात तथ्य होतं. उद्या केसकर निवृत्त झाले म्हणजे काय करायचं? त्यांनी केसकरांना सांगितलं, तुम्हाला जे कळतं ते लिहून द्या. केसकर म्हणाले, "लिहिण्यासारखं काही नाही." मग ते काम माझ्याकडे आलं. आणि मी, खरं सांगतो, ते झडप घालून घेतलं. वरच्या लोकांच्या डोळ्यांत भरायची यापेक्षा चांगली संधी मला कुठे मिळणार होती?

तीन महिने मी रोज सकाळी केसकरांच्या शेजारी वही घेऊन उभा राहिलो. कुणाला टेबलावर पाठवलं, तो कसा दिसत होता, सगळं टिपलं. त्यातून बारा चिन्हं काढली. लाल डोळे. वाढलेली दाढी. टाचांवरचा वाळलेला चिखल. फरफटणारं पाऊल. बिल्ला हातातून पडणं. नजर खाली. अशी बारा. सुबक अक्षरात तक्ता तयार केला, काचेची फ्रेम केली आणि पाण्याच्या टाकीशेजारी लावला. मॅनेजरांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. केसकरांनी तक्ता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला.

"अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले.

मला वाटलं, पोटात दुखतंय म्हाताऱ्याच्या.

तक्ता लागला आणि पंधरा दिवसांत युनियनने त्याचा आधार घेतला. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कुणाला मशीन द्यायची हे साहेबांच्या मर्जीवर का? आता तुमचीच बारा चिन्हं भिंतीवर आहेत ना, मग त्यातली तीन दिसली तरच टेबल, नाही तर बिल्ला द्यायचा. आणि महिन्यात चौथ्यांदा टेबल आलं तर त्या माणसाला प्रेसवरून कायमचं काढायचं, ही पुस्ती मॅनेजरांनी जोडली. फॉर्म छापले. प्रत्येक नावापुढे बारा चौकोन. भरायचं काम माझ्याकडे.

त्या दिवसापासून केसकर दारात उभे राहिले तरी दार माझं झालं. ते माणसाकडे बघत आणि मग मला विचारत, "किती?" मी म्हणायचो, एक, दोन, शून्य. तीन म्हटलं तर टेबल, नाही तर बिल्ला. पहिल्या आठवड्यात त्यांनी दोनदा माझ्याकडे नुसतं बघितलं. नंतर तेही बंद केलं.

सोपान मांजरीचा. चार नंबरच्या प्रेसवर नऊ वर्षं. शांत, कामाला वाघ. घरी उसाची थोडी शेती, आणि कालव्याच्या पाण्याची पाळी आली की रात्रभर रानात पाणी धरायचं आणि तसंच सकाळी सातला कामावर यायचं. आमच्याकडे अर्धी माणसं अशीच होती. केसकर आधी त्यांना पाळीच्या दिवसांत न बोलता टेबलावर बसवत. पाळी संपली की पुन्हा बिल्ला, विषय संपला. आता फॉर्म आला होता, आणि फॉर्म काही विसरत नाही. त्या महिन्यात सोपानची तीन टेबलं झाली होती. चौथं झालं असतं तर चार नंबर कायमचा गेला असता. त्याने आदल्या दिवशी मला विचारलंही होतं, "साहेब, एकदा पेन्शनीत गेलो की परत मशीन न्हाई का मग?" मी म्हटलं, नियम आहे सोपानराव. तो पाण्याच्या टाकीशी गेला आणि तक्त्यासमोर उभा राहून पाणी प्यायला. बराच वेळ प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोपान रांगेत आला तो लग्नाला निघाल्यासारखा. दाढी गुळगुळीत, कपडे धुतलेले, केसांना तेल. नजर समोर. पावलं इतकी स्वच्छ की टाचा गुलाबी दिसत होत्या.

केसकर म्हणाले, "या सोपानराव." आणि बिल्ला पुढे धरला. सोपानने घेतला. पण केसकरांनी सोडला नाही. दोघांची बोटं त्या पितळी चकतीवर, आणि केसकर त्याच्याकडे बघतायत. मागे रांग चुळबुळायला लागली.

"किती?" त्यांनी मला विचारलं.

मी डोळे बघितले, दाढी बघितली, टाचा बघितल्या. बारा चौकोन बघितले.

"एकही नाही, साहेब."

केसकरांनी बिल्ला सोडला.

साडेदहाच्या सुमाराला चार नंबरचा ठोका थांबला. प्रेस शॉपमध्ये आवाज वाढला तर कुणी वळून बघत नाही, एक ठोका कमी झाला की सगळे बघतात. केसकरांना धड ऐकू येत नव्हतं, तरी सगळ्यांच्या आधी तेच पोचले. सोपानच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. केसकरांनी स्वतःचा शर्ट काढून त्याचा हात गुंडाळला आणि जीपमध्ये बनियनवर त्याच्या शेजारी बसले. मी दारात फॉर्म घेऊन उभा होतो. तो फॉर्म माझ्या हातात का होता, मला माहीत नाही.

चार दिवसांनी मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो. सोपानची बायको उशाशी बसली होती. तीच आधी बोलली. "चूक माझी हाय साहेब. पहाटं रानातनं आले तवा मीच वजरीनं टाचा घासून दिल्या. म्हणले, चिखल दिसला तर मशीन काढत्यात."

सोपान म्हणाला, "तुमच्याकडं नीट बघितलं न्हाई म्या. नुसतं बघितल्यावानी केलं. न्हाई तर तुम्हाला कळलं असतं."

"कळलं होतं," केसकर म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते सोपानच्या बँडेजकडे बघत होते.

"बिल्ला मी थोडा लांब धरतो, सोपानराव. एक पाऊल टाकून हात पुढे करावा लागतो. रोज तुमचा हात आणि पाऊल एकदम यायचं. त्या दिवशी पाऊल आधी पडलं, हात मागून आला. मशीनवर तेच होणार होतं. मला दिसलं होतं. तरी मी याला विचारलं."

'याला' म्हणजे मला. त्यांनी मला एकेरीत उल्लेखलं ते तेवढ्या एकदाच, आणि रागानेही नाही. तीन महिने मी त्यांच्या शेजारी उभा होतो. बिल्ला लांब धरायची ती त्यांची सवय मी रोज बघितली होती. मला वाटलं होतं, म्हाताऱ्याला जवळचं कमी दिसतं. बारा चिन्हांत ती नव्हती.

मग चौकशी झाली. माझा फॉर्म निर्दोष होता. बारा चौकोन कोरे, खाली माझी सही. मला विचारलं, कुठलं चिन्ह दिसलं होतं का? मी म्हटलं, नाही. हे खरं होतं, आणि त्या खऱ्यामागे मी लपलो. तक्ता अपुरा होता, तो मीच केला होता, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी गिळलं. केसकरांनीही तेवढंच म्हटलं असतं, चिन्ह दिसलं नाही, तर प्रकरण मिटत होतं. मॅनेजरांनी त्यांना तसं सुचवलंही. केसकरांनी कागद ओढला आणि दोन ओळी लिहिल्या. 'माणूस मशीनवर जाण्याच्या स्थितीत नाही हे मला दिसले होते. बिल्ला मी दिला.'

त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, ती त्यांनी नट-बोल्टच्या खोक्यांमध्ये काढली. सोपानला कंपनीने टेबलावर घेतलं. डाव्या हाताने कानस चालवायला शिकला तो. दुपारच्या सुट्टीत केसकर त्याच्याशेजारी डबा खात. दोघे फारसे बोलत नसत. त्यांच्या पलीकडे जाऊन बसायची माझी हिंमत झाली नाही. मी पुढे फोरमन झालो, पुढे मॅनेजर झालो. तक्ता मी पहिल्याच संधीला उतरवला आणि बिल्ले हाताने द्यायला लागलो, थोडे लांब धरून. पण ते त्यांना जाऊन सांगितलं नाही. निवृत्तीच्या समारंभात मी त्यांच्याविषयी भाषण केलं, आणि त्यातसुद्धा सांगितलं नाही.

सात-आठ वर्षं गेली. एका रविवारी सकाळी मी मंडईत गेलो होतो. पालेभाज्यांच्या गाळ्याशी केसकर दिसले. खूप वाळले होते, पण बाह्या तशाच दुमडलेल्या. कोथिंबिरीची जुडी उचलून निरखत होते. भाजीवाली ओरडून बोलत होती, म्हणजे दुसरा कानही गेला होता.

मी तिथल्या तिथे ठरवलं, आज बोलायचंच. इतक्या वर्षांत मनातल्या मनात ते इतक्यांदा म्हणून झालं होतं की पाठ झालं होतं. तक्ता माझा होता. चौकशीत मी बोलायला हवं होतं. मी गर्दीतून वाट काढत त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि हसलो. चांगले कपडे केलेला, पोट सुटलेला, कारखान्याचा मॅनेजर. माझ्या आत काही खुपतंय असं कुणाला वाटलं नसतं.

"साहेब, ओळखलंत का?" मी मोठ्याने म्हटलं.

त्यांनी मान डोलावली.  हातातली कोथिंबिरीची जुडी त्यांनी माझ्यापुढे धरली, जरा धर रे म्हणतात तशी. थोडी लांब. मी घ्यायला पुढे झालो.

माझं पाऊल आधी पडलं. हात मागून गेला.

मला ते कळलं, आणि त्यांना ते दिसलं, हेही कळलं. त्यांनी जुडी सोडली नाही. दोघांची बोटं त्या ओल्या देठांवर होती. मी बोलायला तोंड उघडलं तेव्हा त्यांनी दुसरा हात वर करून मला थांबवलं.

"आज मशीन नको," केसकर म्हणाले. "बसा."

बाजूला बटाट्याचं एक भरलेलं पोतं होतं. मी त्यावर बसलो. भर मंडईत, लोक येत-जात असताना, मला रडू आलं. केसकर लोकांकडे पाठ करून माझ्यापुढे उभे राहिले, कुणाला मी दिसू नये असे. मी शांत झाल्यावर त्यांनी कोथिंबीर पिशवीत टाकली, माझ्या खांद्यावर एकदा हात ठेवला आणि निघाले. शुक्रवार पेठेच्या बाजूला वळेपर्यंत मी त्यांच्या पावलांकडे बघत होतो. हात आणि पाऊल अजून एकदम पडत होतं.